टेलचं पाणी

पाथर्डी फाट्याकडून अंबडला वळलं
की तिसऱ्या विजेच्या खांबाखाली माझी गाडी.
पोळी-भाजी, डाळ-भात, शनिवारी अंडाकरी.
आणि गल्ल्याखाली एक लांबट लाल वही,
तिच्यात निम्म्या पाळीचं पोट लिहिलेलं.

पाच वर्षं मी ती वही वाचत आले.
देवचंद भोये, पेठचा, प्रेस शॉप :
दोन पोळ्या, भाजी अर्धी.
निवृत्ती गायखे : डाळ. नुसती डाळ.
ठेक्यावरची पोरं अकरा महिने भरले की जायची,
त्यांच्या नावावर मी रेघ मारायची
आणि रेघेखालचे पैसे देवाला सोडायची.

शेठ चांगला माणूस, खोटं नाही सांगत.
त्याची तिसरी गाडी आली तेव्हा
पेढे माझ्यापर्यंत आले.
पण शेठ कितीही मोठा झाला
तरी त्याला पोट एकच,
आणि तेही गंगापूर रोडला जेवतं.

माझं माहेर येवल्याकडं,
कालव्याच्या अगदी शेपटाला. टेलला म्हणतात तिकडे.
आवर्तन सुटलं की हेडला ऊस
कुजेस्तोवर पाण्यात उभा,
आणि आमचा हरभरा
कोरड्या चारीला कान लावून बसलेला.
पाणी कमी नव्हतं हो.
ते पुढे सरकत नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर आत काय झालं, मला नीट ठाऊक नाही.
कुणी म्हणतं, मोठी ऑर्डर होती
आणि हात शिकले की चाकणला पळत होते.
कुणी म्हणतं, युनियनवाले सतरा दिवस गेटवर बसले.
दोन्ही खरं असेल.
चाळीस जण पर्मनंट झाले,
पगारात साडेचार हजारांची भर.

पहिल्या महिन्यात काहीच नाही.
दोन पोळ्या, भाजी अर्धी.
पैसा नवा असला की माणूस त्याला हात लावायला भितो.
दुसऱ्या महिन्यात देवचंदनं मागची बाकी दिली,
चार घड्या पडलेल्या नोटा, एकेक उलगडून.
तिसऱ्यात म्हणाला, ‘मावशी, भाजी पूर्ण.’

एवढंच. भाजी पूर्ण.
पण चाळीस जणांनी म्हटल्यावर
पाच किलोचं पीठ अकरा किलो झालं.
गिरणीवाला कचरू विचारायला लागला,
घरात लग्नबिग्न काढलंय का?
शिंप्याकडे शाळेचे गणवेश आले,
थोरल्याचे आखूड करून नव्हे, नवे, मापाचे.
त्यानंही एक पोरगा काजं करायला ठेवला.

पलीकडच्या कंपनीत मात्र अजून अकराच महिने.
तिथली डाळ अजून नुसतीच.

इकडे माझे दोन हात कमी पडले,
म्हणून शबाना पिंजारी आली, वडाळा गावातून.
पोळी अशी लाटते की तव्याची धांदल उडते.
‘रोज काय देणार?’
मी म्हटलं, दोनशे.
बोलले, आणि आवाज ओळखीचा वाटला.
ठेकेदाराचा होता. माझ्या गळ्यातून आलेला.

रात्री वही उघडली.
गॅस एवढा, तेल एवढं, महापालिकेची पावती एवढी,
उरलं ते माझं.
उरलेलं मोजता मोजता बोट थांबलं :
बाई, चारीला एक दार तुझंही आहे.

सकाळी म्हटलं, साडेतीनशे.
चारशे नाही जमले. नाहीच जमले.

शबाना काही बोलली नाही.
संध्याकाळी जाताना कोपऱ्यावर थांबली,
पाव किलो द्राक्षं घेतली, पैसे मोजून,
आणि हातगाडीवाल्या पोराला दरडावलं :
‘नीट तोल रे.
उद्याही येणार आहे मी.’